औंधला जाण्याआधी: चित्र कशावर काढलंय, कशाने काढलंय

सातारा जिल्ह्यातल्या औंधला, मूळपीठाच्या डोंगरावर जाणाऱ्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनी जमवलेल्या संग्रहासाठी १९३८ साली ही इमारत उभी राहिली. राजपूत, पहाडी, मुघल वळणाची लघुचित्रं, राजा रविवर्म्यांची तैलचित्रं, चित्रकार म. वि. धुरंधर यांचं काम, बंगालकडच्या चित्रकारांची चित्रं, युरोपातल्या नामवंत चित्रांच्या नकला, हे सगळं एका छपराखाली बघायला मिळेल अशा जागा महाराष्ट्रात फार थोड्या आहेत. त्याच जिल्ह्यात वाईला आणि मेणवलीला जुन्या वाड्यांमधून मराठा काळातली भित्तिचित्रं आहेत. सातारा-सांगलीकडच्या माणसाला भारतीय चित्रकलेचे बरेचसे मुख्य प्रकार प्रत्यक्ष बघायला दोन दिवस पुरतात.

पण बहुतेक जण चित्राखालची पाटी वाचतात, ‘पहाडी शैली’, ‘बंगाल शैली’ असे शब्द मनात घेतात आणि पुढच्या चित्राकडे सरकतात. शैलीचं नाव कळलं म्हणून चित्र दिसलं असं होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक चित्रापुढे तीन प्रश्न विचारावेत. रंग कशावर लावलाय? तो कशाने धरून ठेवलाय? आणि ओला रंग वाळेपर्यंत चित्रकाराला किती वेळ मिळत होता? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि सर्वात जास्त उलगडा त्यानेच होतो. डिंकातला रंग काही मिनिटांत वाळतो. ओल्या चुन्यावर साधारण एक दिवस मिळतो. तेलातला रंग दोन-चार दिवस ओला राहतो. रेषा किती बारीक येईल, गालाची गोलाई कशी दाखवता येईल, दोन रंग एकमेकांत विरतील की शेजारी शेजारी उभे राहतील, यातलं पुष्कळसं या वेळेवर ठरतं. आश्रयदात्याची आवड, विषय, गुरूकडून आलेलं वळण यांचा वाटा आहेच, पण तो या मर्यादेच्या आत.

पूड आणि बंधक

कुठलाही रंग म्हणजे दोन गोष्टी: रंगाची पूड आणि ती पूड धरून ठेवणारा बंधक. पूड बरेचदा सगळीकडे तीच असते. अजिंठ्याच्या लेण्यातला लाल, वाईच्या वाड्यातला लाल आणि वारल्यांच्या झोपडीची लाल भिंत, तिन्ही ठिकाणी मुळात लोहयुक्त माती, म्हणजे गेरूच. पिवळ्यासाठी पिवळी माती किंवा हरताळ, शेंदरी रंगासाठी शेंदूर, तेजस्वी लालासाठी हिंगूळ, निळ्यासाठी नीळ, काळ्यासाठी काजळ, पांढऱ्यासाठी खडू, चुना किंवा शिशापासून केलेला सफेदा. फरक पडतो तो बंधकाने. बाभळीचा डिंक, सुतारकामातला सरस, चिंचोक्याची खळ, जवसाचं तेल किंवा खुद्द चुना, यांतलं काय वापरलंय त्यावर तीच पूड कधी मखमलीसारखी दिसते, कधी काचेसारखी.

हे समजायला एकदा रंग घरी करून बघावा. मूठभर गेरू खलात बारीक करा, तांब्याभर पाण्यात ढवळा आणि मिनिटभर थांबा. वाळू आणि खडे तळाला बसतात. वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. असं दोन-तीन वेळा केल्यावर उरलेलं पाणी रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी जो मऊ गाळ बसलेला असतो तोच रंग. डिंकासाठी एक भाग बाभळीचा डिंक आणि दोन भाग गरम पाणी रात्रभर ठेवून फडक्यातून गाळा. गाळात डिंक थोडा थोडा घालत जा आणि दर वेळी कागदावर एक पट्टा ओढून वाळू द्या. वाळलेल्या पट्ट्यावर बोट फिरवलं आणि रंग बोटाला लागला, तर डिंक कमी आहे. पट्टा चकाकला किंवा त्याला तडे गेले, तर जास्त झाला. या दोहोंमधली जागा प्रत्येक पुडीची वेगळी असते, म्हणून जुने चित्रकार मापापेक्षा बोटावर भरवसा ठेवत. काजळाची अडचण निराळी. ते तेलकट असल्याने पाण्यावर तरंगतं; आधी दाट डिंकात घोटून घ्यावं लागतं, पाणी मग.

भिंत

भारतातल्या प्रत्येक भित्तिचित्राला ‘फ्रेस्को’ म्हणायची सवय पडली आहे, आणि ती चुकीची आहे. फ्रेस्कोमध्ये चुन्याचा गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतात. वेगळा बंधक लागत नाही, कारण चुनाच ते काम करतो. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की कळीचा चुना होतो, त्यावर पाणी घातलं की तो विरतो, आणि विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा हळूहळू दगड होतो. दगड होताना वरचा रंग त्यात कायमचा अडकतो. राजस्थानात जयपूर-शेखावाटीकडच्या आराइश कामात ओल्या चुन्याची पद्धत दिसते.

अजिंठ्याला असं नाही. तिथे खडबडीत कातळावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात दिला, आणि तो वाळल्यावर चिकट बंधकातले रंग लावले. हिरवा रंग दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. पाचव्या शतकातल्या लेण्यांमधला निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, म्हणजे थेट अफगाणिस्तानच्या डोंगरातून आलेला.

वाई-मेणवलीची मराठा भित्तिचित्रंही कोरड्या भिंतीवरची. मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे, वाईत रास्त्यांचा मोतीबाग वाडा आहे. देवदेवता आणि पुराणातले प्रसंग तिथल्या भिंतींवर रंगवलेले आहेत. रेखाटनात राजस्थानी आणि दख्खनी अशी दोन्ही वळणं मिसळलेली दिसतात. कोरडी पद्धत का निवडली असेल याचं एक उत्तर रंगांच्या यादीत सापडतं. ओला चुना तीव्र असतो. गेरू, पिवळी माती, हिरवी माती त्याला पुरून उरतात. हरताळ, शेंदूर आणि तांब्यापासून केलेला जंगाल हे त्यात बिघडतात. वाड्यात ज्याला लखलखीत शेंदरी आणि पिवळा हवा, त्याने भिंत वाळू देणं भाग होतं.

चुना नीट विरलेला नसेल तर चित्र कितीही चांगलं असो, भिंत ते टिकू देत नाही. न विरलेली कणी गिलाव्यात राहिली तर ती पुढे कधीतरी ओल लागून फुगते आणि तिथे वाटाण्याएवढा खड्डा पडतो. म्हणून चुना पाण्यात जितका जास्त काळ मुरेल तितका चांगला. काही आठवडे तरी हवेच. मग दोन ते तीन पट वाळू घालून दगडी चाकाच्या घाण्यात मळायचा, तडे जाऊ नयेत म्हणून ताग कापून मिसळायचा, आणि शेवटचा हात अगदी पातळ, गाळलेल्या चुन्याचा देऊन घोटून गुळगुळीत करायचा.

भित्तिचित्र ओलं की कोरडं हे ओळखायची एक सोपी खूण आहे. जिथे रंग गेला असेल तिथे जवळून बघा. रंगाचा पापुद्रा सुटून खाली स्वच्छ पांढरा, अभंग चुना दिसत असेल तर काम कोरड्या भिंतीवरचं. फ्रेस्कोत रंग एकटा सुटत नाही, गिलावाही बरोबर घेऊन जातो.

कोरड्या कामाचा बंधक पाण्यात विरघळतो. वाडे ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी ही एवढी गोष्ट मनावर घेतली तरी खूप चित्रं वाचतील. धूळ बसली म्हणून ओल्या फडक्याने भिंत पुसली की डिंक सुटतो आणि रंग फडक्यावर येतो. देखावा उजळावा म्हणून वॉर्निश मारलं तर काही वर्षांत ते पिवळं पडतं. अजिंठ्यात हेच झालं: नकला करणाऱ्यांनी आणि पुढे जतनाच्या हेतूने लावलेलं वॉर्निश आणि लाख पिवळी पडली आणि नंतर ती काढत बसावं लागलं. चुन्याची सफेदी मारलेली असेल तर तिच्याखाली चित्र असू शकतं. पण ती घरच्या घरी खरवडू नये. सफेदी कोरडी, सुरीच्या टोकाने, भिंगाखाली, बोटभर जागा करत काढायची असते, आणि ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.

सर्वात मोठा शत्रू लोणा. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, येताना क्षार आणते, आणि पाणी पृष्ठभागावरून उडालं की क्षारांचे स्फटिक तिथेच तयार होतात. स्फटिक वाढताना रंगाच्या थराला आतून ढकलतात आणि तो पावडर होऊन गळतो. यावर उपाय म्हणून भिंतीच्या पायथ्याला सिमेंटचा गिलावा करतात आणि तिथेच घात होतो. सिमेंटमधून ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती सिमेंटच्या वर चढते आणि जे चित्र आतापर्यंत कोरडं होतं तिथे लोणा लागतो. पायथ्याला चुन्याचाच गिलावा हवा. तो खराब झाला तर दर काही वर्षांनी बदलावा, कारण क्षार तिथेच अडकून राहतात आणि चित्र सुटतं. बाहेरच्या बाजूला पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर नेणं हे आतल्या कुठल्याही उपचाराआधी करायचं काम. कृष्णाकाठच्या वाड्यांना याची गरज खटाव-माणच्या कोरड्या मुलखापेक्षा कितीतरी जास्त आहे.

कागद

औंधला लघुचित्रांपुढे माणसं सर्वात कमी थांबतात. चित्र हातभर अंतरावरून बघितलं तर त्यात बघण्यासारखं काही उरतही नाही, कारण ती भिंतीसाठी काढलेलीच नव्हती. पोथीत किंवा बासनात ठेवायची, हातात घेऊन वीतभर अंतरावरून बघायची. काचेच्या शक्य तितकं जवळ जा, भिंग असेल तर न्या.

कागद एकेरी नसतो. हातकागदाचे तीन ते पाच थर गव्हाच्या खळीने एकमेकांवर चिकटवून वसली करतात. खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. थरांमध्ये हवेचा फुगा राहिला तर पुढे घोटताना तिथेच कागद फाटतो, म्हणून प्रत्येक थर मधून कडेकडे दाबत न्यायचा आणि सावलीत, वजनाखाली वाळवायचा. वाळलेली वसली गुळगुळीत फळीवर ठेवून अकीकाच्या दगडाने घोटतात, कागद हस्तिदंतासारखा होईपर्यंत.

मग गेरूने किंवा कोळशाने कच्ची रेषा. तेच चित्र पुन्हा काढायचं असेल तर खाका वापरतात: पातळ कातड्यावर रेषेच्या कडेने सुईने भोकं पाडायची, कागदावर ठेवायचं आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून आपटायची. ठिपक्यांची रेषा खाली उमटते. एकच राजा, एकच वळण, वेगवेगळ्या चित्रांत हुबेहूब दिसतं त्यामागे बरेचदा हा खाका असतो, आणि एकाच घराण्यात तो बापाकडून मुलाकडे जायचा.

कच्च्या रेषेवर पांढऱ्याचा अगदी पातळ, अर्धपारदर्शक हात देतात. खालची रेषा अंधूक दिसत राहते. तिच्यावरून पक्की रेषा. नंतर मोठे भाग सपाट रंगाने भरायचे: आकाश, जमीन, अंगरखा. प्रत्येक रंग एकदम जाड नाही, पातळ पातळ दोन-तीन हात. अधूनमधून चित्र पालथं घालून मागून घोटायचं, म्हणजे रंग कागदात दाबला जातो आणि मीनाकामासारखा सलग दिसतो. जाड हात देऊन घोटायला घेतलं की पांढरा तडकतो. जुन्या चित्रांत चेहऱ्यावर जाळीसारखे तडे दिसतात त्याचं हे एक कारण.

आता तिसरा प्रश्न इथे लावून बघा. डिंकातला रंग मिनिटांत वाळला, घोटला गेला, आता त्यात दुसरा रंग ओला ओला विरवता येत नाही. मग गालाची गोलाई, हत्तीच्या कातडीचा खडबडीतपणा, मलमलीचा पारदर्शकपणा दाखवायचा कसा? केसाएवढ्या रेषा आणि ठिपके शेजारी शेजारी ठेवून. याला परदाज म्हणतात. जहांगीरच्या दरबारातल्या मन्सूरने पक्ष्यांची पिसं रंगवली ती या रीतीने. गुलेर या पहाडी संस्थानातल्या नैनसुखने अठराव्या शतकात माणसांचे चेहरे असे केले की परदाज आहे हे भिंगाशिवाय कळत नाही. पहाडी चित्रातल्या स्त्रीच्या कानामागे, मानेच्या कडेला बघा, तिथे तो सापडतो. लघुचित्रात रेषेला एवढं मानाचं स्थान आहे ते निव्वळ आवडीमुळे नाही. सामग्रीने दुसरा रस्ता फारसा ठेवलाच नव्हता, आणि या चित्रकारांनी त्या एका रस्त्यावर जे मिळवलं त्याला जगात तोड नाही.

सोनं शेवटी. वर्ख डिंकात किंवा मधात बोटाने ताटलीवर तासन्‌तास घोटून त्याची पूड करतात, पाण्याने धुतात, पातळ सरसात कालवून लावतात आणि वाळल्यावर अकीकाने चकाकी आणतात. आधी घोटलं तर ते निघून येतं. आजचा सांगली जिल्हा ज्या आदिलशाहीत बराचसा मोडत होता, त्या विजापूरच्या चित्रांत हे सोनं हात न आखडता वापरलेलं आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली, म्हणजे १५८० ते १६२७ मधली चित्रं जांभळट-गुलाबी खडकांवरून, दाट झाडीवरून आणि सोन्याच्या झळाळीवरून लगेच ओळखू येतात. मिरजेहून विजापूर फार लांब नाही. दख्खनी चित्र ही आपल्या शेजारची परंपरा आहे आणि ती आपण दिल्ली-जयपूरइतकी ओळखत नाही, हे खटकतं.

लघुचित्रात दोन बिघाड नेहमी दिसतात आणि दोन्ही चुकून चित्रकाराच्या नावावर जमा होतात. गोऱ्या चेहऱ्यावर किंवा दागिन्यातल्या मोत्यांवर काळपट डाग असतील तर ती सावली नव्हे. शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकाच्या वायूने काळवंडतो. हिरव्या भागात कागद तपकिरी पडून मोडला असेल, तर तिथे जंगाल आहे. तांब्याचा हा हिरवा कागदाला खातो. चित्र उलटून बघता आलं तर मागेही तोच आकार भाजल्यासारखा उमटलेला असतो. दालनात उजेड मंद ठेवतात तोही याच काळजीपोटी: कागदावरच्या कामाला ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश देऊ नये असा संग्रहालयांचा दंडक आहे. हरताळ आणि नीळ उजेडाने फिकी पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही.

बारीक रेषेसाठी खारीच्या शेपटीचे केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवून कुंचला करत. केस कात्रीने कापत नसत, कारण नैसर्गिक टोक गेलं की रेषा जाड होते. आज हात बसवायचा असेल त्याने चांगल्या प्रतीचा कृत्रिम केसांचा शून्य नंबरचा ब्रश घ्यावा. बाजारात ‘मुंगसाच्या केसांचा’ म्हणून काही मिळालं तर ते घेऊ नये. वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे.

तेल

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की साडीचा रेशमीपणा आधी दिसतो. औंधच्या संग्रहातली सैरंध्री याच नजरेने बघावी. काठाची जर, निऱ्यांमधली सावली, त्वचेवर पडलेला उजेड, सगळं एकातून एक विरत जातं. जवसाच्या तेलातला रंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, आणि त्याला दिवस लागतात. तेवढा वेळ चित्रकार कोरड्या ब्रशने कड पुसत राहू शकतो. लघुचित्रकाराला जी गोलाई हजार ठिपक्यांनी करावी लागे, ती इथे ओल्यावर ओलं ठेवून होते.

तेलरंगाचा पहिला नियम: खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे थर तेल जास्त घालून. उलटं केलं तर खालचा तेलकट थर महिनोन्‌महिने आक्रसत राहतो आणि त्यावर आधीच वाळलेला कोरडा थर तडकतो. दुसरा नियम कापडाचा. तेल थेट कापडाला लागलं तर कापड कुजतं, म्हणून आधी सरसाचा हात आणि त्यावर पांढरं अस्तर. हा सरस पावसाळ्यात ओल धरतो. कॅनव्हास जूनमध्ये सैल पडतो, मार्चमध्ये ताणला जातो, आणि वर्षानुवर्षं ही ओढाताण चालली की रंगाला चौकटीच्या कडेने तडे जातात. सैल पडलेला कॅनव्हास पावसाळ्यातच खुंट्या ठोकून ताणला तर उन्हाळ्यात तो फाटायच्या बेताला येतो. ताणायचा असेल तर हवा कोरडी झाल्यावर.

१८८८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी रविवर्म्यांना पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं काढायला सांगितली. त्यांच्या नायिकांना महाराष्ट्रातली नऊवारी मिळाली आणि ती देशभर गेली, कारण पुढे त्यांनी छापखाना काढला. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. सातारा-सांगलीकडच्या कित्येक जुन्या घरांत देवघराच्या भिंतीवर त्या छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती अजून आहे, आणि घरातले लोक तिला ‘रविवर्म्यांचं मूळ चित्र’ समजतात.

ते कसं ओळखायचं? छापील चित्रात प्रत्येक रंगासाठी एक वेगळी चुनखडीची शिळा असे. डझनभर किंवा जास्त शिळांवरून तोच कागद पुन्हा पुन्हा छापला जाई. दहापट भिंगातून गाल बघा. ब्रशचा ओघ दिसण्याऐवजी वेगवेगळ्या रंगांचे अनियमित ठिपके दिसले तर तो छाप. ठिपके अगदी ओळीत, जाळीसारखे असतील तर अलीकडची नक्कल. एखाद्या शिळेवर कागद केसभर सरकलेला असेल तर साडीच्या कडेला लाल किंवा निळी झालर दिसते. वरून वॉर्निश आणि कापडाच्या विणीचा ठसा असल्यामुळे बोटाला तो कॅनव्हास वाटतो, त्यावर जाऊ नका. खालच्या समासात छापखान्याचं नाव इंग्रजीत असतं, पण फ्रेम करताना समास कापण्याची चाल होती. नाव नाही म्हणजे नकली असं धरू नये.

असा छाप घरी असेल तर सगळ्यात आधी मागची पाठ बघा. बहुतेक फ्रेमांना लाकडी फळी आणि वर्तमानपत्र लावलेलं असतं; दोन्हींतलं आम्ल कागदात उतरतं आणि तो तपकिरी पडून मोडायला लागतो. जागी आम्लमुक्त पुठ्ठा घालावा. काच चित्राला टेकता कामा नये, नाही तर पावसाळ्यात वॉर्निश काचेला चिकटतं आणि सोडवताना चेहरा काचेबरोबर जातो. आधीच चिकटलं असेल तर ओढू नका, फ्रेम तशीच मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी दाखवा. लॅमिनेशन कधीही करू नये. चित्रापुढे रोज उदबत्ती लागत असेल तर ती हातभर बाजूला सरकवा.

पाणी आणि चिंचोके

रविवर्म्यांच्या तेलाला बंगालमधून विरोध झाला. अवनींद्रनाथ टागोर (१८७१–१९५१) यांनी कलकत्त्याला आलेल्या जपानी चित्रकारांकडून पाण्याची पद्धत घेतली आणि तिला स्वतःचं वळण दिलं. चित्र काढायचं, पारदर्शक जलरंग भरायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि मग अख्खा कागद पाण्यात बुडवायचा. सुटणारा रंग सुटतो, उरतो तो कागदात मुरलेला. पुन्हा रंग, पुन्हा पाणी, असं कित्येक वेळा. शेवटी डोळे, बोटं, दागिने कोरड्या ब्रशने. औंधला बंगालकडच्या चित्रांत सगळं धुक्यातून आल्यासारखं का दिसतं, ते यातून कळतं. रंग अर्धवट वाळलेला असताना कागद बुडवला तर चित्र वाहून जातं. हलक्या कागदावर केलं तर चौथ्या-पाचव्या बुडवणीला कागदाची खळ निघून तो टीपकागद होतो आणि रंग मळका बसतो. नंदलाल बोस (१८८२–१९६६) या वाटेने सुरुवात करून पुढे तिच्यापलीकडे गेले.

जामिनी रॉय (१८८७–१९७२) यांनी तर तेल आणि पाश्चात्त्य धाटणी दोन्ही सोडून गावच्या पटचित्रकारांची सामग्री घेतली: गेरू, पिवळी माती, खडू, काजळ, नीळ आणि चिंचोक्याची खळ. जाड, ठाम रेषा आणि सपाट रंग हे त्या सामग्रीला शोभतंच. ओडिशाच्या पटचित्रांतही हीच खळ असते. दोन जुनी सुती कापडं तिने एकमेकांवर चिकटवतात, खडूची पूड खळीत कालवून दोन्ही बाजूंना हात देतात आणि दगडाने घोटतात.

चिंचोके आपल्याकडे मुबलक आहेत, म्हणून ही खळ करून बघणं सोपं आहे. चिंचोके भाजून त्यांचं तपकिरी साल काढा. आतला पांढरा गर रात्रभर भिजवून वाटा, दहा-बारा पट पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवा, आणि पातळ पिठल्याइतकं झालं की गरम असतानाच फडक्यातून गाळा. थंड झाल्यावर गाळलं जात नाही. साल थोडंही राहिलं तर खळ लालसर होते आणि पांढरा रंग मळतो. खळ जास्त दाट वापरली तर वाळताना ती आक्रसते आणि कापड गुंडाळताना रंगाचे तुकडे सुटतात, म्हणून आधी कापडाची एक पट्टी रंगवून बोटाभोवती गुंडाळून बघावी. आपल्या उन्हाळ्यात ही खळ दुसऱ्या दिवशी आंबूस वास देते आणि तिसऱ्या दिवशी तिची पकड जाते. तेव्हा एका दिवसाला पुरेल एवढीच करा.